छाटणी की शिरच्छेद?

गेल्या चैत्रात आमच्या पांढुर्ण्याच्या एका देवस्थानच्या विश्वस्त मंडळींनी मला बैठकीस बोलावले होते. विषयपत्रिकेवर दोन कलमे होती. देवळासमोरच्या पिंपळाच्या जुन्या दगडी पाराला ग्रॅनाइट बसवून तो थेट खोडापर्यंत बंद करावा, हे पहिले. सभामंडपावर आलेल्या पिंपळाच्या आणि अंगणातील दोन जुन्या कडुनिंबांच्या फांद्या पावसाळ्यापूर्वी 'साफ' करून घ्याव्यात, हे दुसरे. मी काही बोलण्यापूर्वीच एका वयोवृद्ध सद्गृहस्थांनी निर्णय दिल्याच्या स्वरात विचारले, "वकीलसाहेब, झाड तोडायचे नाही, फक्त छाटायचे आहे. मग कायद्याला हरकत ती काय असणार?" सर्वांनी माना डोलावल्या. कोणाच्याही मुद्रेवर अपराधाची छाया नव्हती.

प्रस्तुत लेख त्या 'फक्त' या शब्दाविरुद्ध आहे.

वृक्ष तोडणे हे पाप, हा संस्कार आपल्या समाजात अद्याप जिवंत आहे. पिंपळाच्या बुंध्यावर कुऱ्हाड घालण्यास मजूरही सहजासहजी तयार होत नाही. परंतु ज्या मनाला बुंध्यावरचा घाव सहन होत नाही, त्याच मनाला शेंडा उडवलेला, सर्व थोरल्या फांद्या खुंटाएवढ्या उरलेला, हातपाय तोडलेल्या माणसासारखा उभा असलेला वृक्ष पाहून काहीच वाटत नाही. उलट, 'आता कसे मोकळे झाले' म्हणून समाधान वाटते! माझे म्हणणे असे, की आमच्या गावांतील घरांच्या व देवळांच्या अंगणांत जी जुनी झाडे मरतात, त्यांपैकी पुष्कळशी तोडल्यामुळे मरत नाहीत, छाटल्यामुळे मरतात. ती सावकाश मरतात, आणि मारणारा आपण वृक्षाची निगा राखली अशा भ्रमात असतो.

कोकण-गोव्यातील वाचकांना आमचा प्रदेश कदाचित परिचित नसेल. नागपूरहून बैतूलकडे जाताना पांढुर्णा लागते आणि छिंदवाड्याकडे जाताना सौसर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर एका राज्यात गेले आणि आम्ही दुसऱ्यात राहिलो. घरची भाषा मात्र मराठीच राहिली. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौसर त्यात आले. वर्तमानपत्रांतून आमचे नाव झळकते ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा जाम नदीच्या पात्रात पळसाचे तोडलेले झाड रोवतात आणि त्यावरील झेंड्यासाठी पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरून गोटमार होते. एका तोडलेल्या झाडासाठी माणसे रक्त सांडतात, उभ्या झाडासाठी कोणी बोटही उचलत नाही, हा विचार दरवर्षी त्या दिवशी माझ्या मनात येतो. असो, तो विषय वेगळा आहे.

परंतु आमची खरी ओळख संत्र्याची. आणि येथेच माझ्या तक्रारीचे मर्म आहे. वृक्षाची छाटणी कशी करावी हे आमच्या लोकांना ठाऊक नाही, असे म्हणण्याची सोय नाही. फळतोड झाल्यावर बागेत जाऊन पाहावे. बागवान प्रत्येक झाडाभोवती फिरून सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, निगुतीने काढतो. त्याही थोडे जिवंत लाकूड घेऊन काढतो, की रोग मागे राहू नये. खुंटावर फुटलेले, झाडाचा रस फुकट शोषणारे पानसोट तो वेळीच खुडतो. डिंक्या रोग लागू नये म्हणून एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी यांचे बोर्डो मलम बुंध्याला लावतो. पाणी खोडाला लागू नये म्हणून दुहेरी आळे करतो. झाडाच्या खोडाशी माती चढली तर त्याला झोप येत नाही. हा मनुष्य, सांगितल्यास, कृषिविद्यालयात व्याख्यान देऊ शकेल.

आणि हाच मनुष्य सायंकाळी घरी येतो. अंगणात त्याच्या आजोबांनी लावलेला कडुनिंब उभा असतो. त्याच्या खोडाशी त्याने फरशी बसवलेली असते. त्याच्या बुंध्यात खिळे ठोकून वीजेची तार नेलेली असते. आणि वैशाखात लाकूडतोड्याला बोलावून तो सांगतो, "वरचा सारा शेंडा उतरवून टाक." संत्र्याच्या झाडावर जे केले तर बाग बुडेल हे त्याला कळते, तेच निंबावर केले तर काय होईल हा प्रश्नच त्याला पडत नाही. का? कारण संत्र्याचा हिशेब वहीत आहे, निंबाच्या सावलीचा नाही.

हे मी दुसऱ्यांना सांगतो आहे, परंतु या गुन्ह्यातील पहिला आरोपी मीच आहे, हे कबूल केल्याशिवाय पुढे लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. सौसरला आमचे वडिलोपार्जित घर आहे. मागील अंगणात मोठा कडुनिंब होता. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी त्याच्या फांद्या शेजाऱ्यांच्या गोठ्यावर गेल्या म्हणून त्यांनी सौम्य शब्दांत तक्रार केली. मी न्यायालयाच्या घाईत होतो. ओळखीच्या लाकूडतोड्याला बोलावले. तो झाडाकडे पाहून म्हणाला, "साहेब, एकदाच मोकयं करून टाकू, मंग दहा वर्स पाहायचं काम नाही." मला ते पटले. संध्याकाळी परत आलो तेव्हा तीन जाड खुंटांखेरीज काही उरले नव्हते. आईने दोन दिवस मागच्या अंगणात पाऊल टाकले नाही.

पुढल्या दोन वर्षांत झाड असे डवरले, की मीच आईला म्हणालो, "पाहा, छाटल्यानेच याला जोर आला." तो जोर नव्हता. तो भुकेल्याचा आक्रोश होता, हे मला फार उशिरा कळले. सातव्या वर्षी ज्येष्ठातल्या वादळात एक खुंट उभा चिरला आणि त्यावरचे धुमारे, जे आता माणसाच्या मांडीएवढे झाले होते, शेजाऱ्यांच्या गोठ्यावर कोसळले. त्यांची दुभती म्हैस मेली. चिरलेल्या खोडाच्या आत पाहिले, तर वरून खालपर्यंत काळी भुसभुशीत पोकळी होती.

दैवी आपत्ती ही बचावाची सबब वकिलाला तोंडपाठ असते. अपकृत्याच्या कायद्यात तिला चांगले स्थान आहे, आणि शेजाऱ्यांना ती कदाचित मान्यही झाली असती, इतके ते भले. परंतु ती आपत्ती दैवी नव्हती, ती मी वैशाखातल्या एका सकाळी मजुरी ठरवून घडवून आणली होती. मी म्हशीची किंमत दिली, गोठा बांधून दिला, आणि उरलेले झाड पाडावे लागले. ज्या फांद्यांची भीती घातली गेली होती त्या तशाच ठेवल्या असत्या आणि त्यांतल्या दोनच बेताने कमी केल्या असत्या, तर ती म्हैस आणि तो निंब दोन्ही जगले असते.

झाडाला जखम झाली की ती आपल्या कातडीप्रमाणे भरून येते, अशी आपली समजूत असते. ती चूक आहे. अमेरिकेच्या वनखात्यातील संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी शेकडो खोडे उभी चिरून अभ्यासली आणि १९७७ मध्ये आपला सिद्धांत मांडला, की झाड जखम बरी करीत नाही. ते तिला कोंडते. कुजलेल्या भागाभोवती ते आतून भिंती उभारते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. जखम आत जन्मभर राहते. ही भिंत फांदीच्या बुडाशी, जेथे साल किंचित फुगून कड्यासारखी दिसते, तेथे सर्वांत भक्कम असते. कारण फांद्या गळणार हे झाडाने गृहीतच धरलेले आहे. त्या कड्यालगत केलेला काप ते काही वर्षांत झाकून टाकते. परंतु मांडीएवढी फांदी मध्येच कापली, तर तेथे ना कडे, ना भिंत. आतले लाकूड उघडे पडते, पाणी शिरते आणि कूज खोडात उतरते. वर जे धुमारे फुटतात ते लाकडाच्या गाभ्यातून आलेले नसतात, सालीखालच्या निद्रित डोळ्यांतून आलेले असतात. त्यांची पकड वरवरची. पाने एकदम नाहीशी झाल्याने झाडाचे अन्न बंद होते, साठवण संपते आणि मुळे उपाशी राहतात. शिवाय पन्नास वर्षे सावलीत राहिलेली साल वैशाखाच्या उन्हात उघडी पडून भाजते. त्यावर डांबर फासून काही साधत नाही. डांबर पाहणाऱ्याच्या डोळ्यांचे समाधान करते, एवढेच.

मग योग्य छाटणी कोणती? ती इतकी साधी आहे, की आपण ती करीत नाही याची लाज वाटावी. वाळलेले, मोडलेले, एकमेकांवर घासणारे लाकूड प्रथम काढावे. जड फांदी काढायची तर खोडापासून वीत-दीड वीत अंतरावर खालून एक काप द्यावा, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. मग त्याच्या थोडे पुढे वरून दुसरा, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलून नेत नाही. शेवटी उरलेला खुंट त्या फुगीर कड्याच्या लगत, परंतु कडे न दुखवता कापावा. एका वर्षात जिवंत पालवीचा चौथा हिस्सा ही शेवटची मर्यादा. म्हाताऱ्या झाडाला त्याहूनही पुष्कळ कमी. फांदी आखूड करायची तर ती एखाद्या जोमदार उपफांदीपर्यंत आणून थांबावे. शेंड्याला हात लावू नये. बस्स.

हे लाकूडतोड्याला ठाऊक नाही, असे नव्हे. त्याला दोष देण्याची आपली फार जुनी सवय आहे, म्हणून येथे स्पष्ट बोलतो. आमच्या गावांत छाटणीची मजुरी बहुधा रोखीने देत नाहीत. 'लाकूड तू ने' असा सौदा असतो. घरमालकाला एक पैसा पडत नाही, म्हणून तो खूश. आता ज्याची मजुरी लाकडाच्या वजनात आहे, तो वाळक्या काड्या काढील की मांडीएवढी फांदी? एखाद्या वैद्याला 'तुझे शुल्क म्हणजे कापलेला अवयव' असे सांगितले, तर त्याच्या दवाखान्यात किती पाय शाबूत राहतील? गोव्याकडचा पाडेली माडावर चढतो तेव्हा त्याला काही महिन्यांनी त्याच माडावर पुन्हा चढायचे असते, म्हणून तो माडाचा शत्रू होऊ शकत नाही. आमच्या लाकूडतोड्याला त्या झाडाकडे परत यायचेच नसते. 'दहा वर्स पाहायचं काम नाही' हेच तर त्याचे आश्वासन. दोष सौद्याचा आहे, आणि सौदा आपला आहे. रोख मजुरी द्यावी, चांगली द्यावी, आणि लाकूड घरी ठेवावे. माझी खात्री आहे, की या एका बदलाने जेवढे वृक्ष वाचतील तेवढे दहा परिपत्रकांनी वाचणार नाहीत.

आता कायदा. विश्वस्तांनी मला त्यासाठीच बोलावले होते. आपल्या पूर्वजांना 'फक्त छाटणे' हा बचाव मान्य नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराजवळच्या फळ-फूल-छाया देणाऱ्या वृक्षांचे कोवळे अंकुर तोडल्यास ६ पण, लहान फांद्या तोडल्यास १२, थोरल्या फांद्यांस २४, आणि खोड व समूळ झाड यांस त्याहून मोठा साहसदंड सांगितला आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत फांदीला २०, स्कंधाला ४० आणि संपूर्ण वृक्षाला ८० पण अशी चढण आहे. आणि तोच वृक्ष देवालयाच्या, पुण्यस्थानाच्या किंवा सीमेच्या जागी असेल तर दंड दुप्पट. देवालयाच्या! विश्वस्त मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड हवे असताही रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात, आणि एखादे झाड जीर्ण झालेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, मगच तोडावे, असा आशय आहे. फौजेच्या गरजेपुढे जे टिकले ते आमच्या सभामंडपाच्या रंगकामापुढे टिकू नये काय?

आजचे कायदेही तितके भोळे नाहीत. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी झाडांच्या कायद्यात 'झाड तोडणे' या शब्दप्रयोगात जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे यांचा समावेश आहे. आमच्या मध्य प्रदेशात नागरी क्षेत्रांसाठी २००१ चा वृक्षपरिरक्षण अधिनियम आहे व त्याखाली वृक्ष अधिकारी असतो. गोव्यात १९८४ चा कायदा आहे. तेथे २०१६ मध्ये माडाला 'झाड' या व्याख्येतूनच वगळले होते, आणि लोकांनी गहजब केल्यावर तो पुन्हा झाड ठरला, हे कोकणी वाचक विसरले नसतील. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये १५.७ सेंटिमीटर घेरापर्यंतच्या फांद्या विनापरवानगी छाटण्याची मुभा देणारी मार्गदर्शक तत्त्वे रद्द ठरवली. या निर्णयामागील कळकळ मला मान्य आहे; परंतु प्रत्येक काटकीसाठी अर्ज करावा लागला, तर भला माणूस झाडाकडे दुर्लक्ष करू लागतो आणि बुरा माणूस रविवारी सकाळी कुऱ्हाड चालवतो, हेही मी जिल्ह्याच्या न्यायालयात पाहिले आहे.

शेजाऱ्यांच्या भांडणांविषयी दोन शब्द. आपल्या हद्दीवर आलेली फांदी शेजारी आपल्या जागेत उभा राहून, सूचना न देताही, हद्दीपर्यंत कापू शकतो, असा निर्णय इंग्लंडच्या सरदार सभेने लेमन विरुद्ध वेब या खटल्यात दिला, त्याला शंभरावर वर्षे झाली. आपल्याकडील पुष्कळ वकील तो सांगतात. परंतु १९१९ चा मिल्स विरुद्ध ब्रूकर हा निवाडा सांगायला विसरतात: कापलेल्या फांदीवरचे फळ मात्र झाडाच्या मालकाचेच. शिवाय नगरपालिकेच्या हद्दीत वृक्षकायदा त्या हक्काच्या आड येतोच. आणि हक्क असला म्हणून तो हद्दीच्या रेषेवर, कडे सोडून, फांदीच्या मध्यावरच बजावावा असे कोठे आहे? शेजाऱ्याला हाक मारून दोघांनी मिळून काप कोठे घ्यावा हे ठरवले, तर लेमन आणि वेब दोघेही स्वस्थ झोपतील.

येथवर वाचून काही सश्रद्ध वाचक म्हणतील, 'म्हणूनच आम्ही देववृक्षाला लोखंड लावत नाही.' त्यांच्याशीही माझे भांडण आहे. पिंपळ, वड, औदुंबर यांना शस्त्र लावू नये असे म्हणून वाळलेली फांदी वर्षानुवर्षे तशीच लोंबू देणे ही भक्ती नव्हे, आळस आहे. ती फांदी एके दिवशी प्रदक्षिणा घालणाऱ्याच्या डोक्यावर पडते, आणि मग भयाने आख्खा वृक्षच तोडला जातो. आणि ज्यांना लोखंड चालत नाही त्यांना सिमेंट कसे चालते? वटपौर्णिमेला बाजारातून वडाची फांदी विकत आणून घरच्या कुंडीत खोचून पूजा करणाऱ्या भगिनींनीही विचार करावा, की पतीच्या आयुष्यासाठी आपण कोणाचे आयुष्य कापून आणले.

पाराचा प्रश्न तर याहून गंभीर. झाडाची मुळे त्याच्या उंचीइतकी खोल जातात असे आपण समजतो. वस्तुतः बहुतेक मुळे वरच्या दोन फुटांत पसरलेली असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे जातात. त्यांना पाणी हवे तशी हवाही हवी. जुने पार कोरड्या दगडांचे, मधे मातीचे असत. भेगांतून पाणी झिरपे. ग्रॅनाइट आणि सिमेंट खोडाला भिडवले, की मुळे गुदमरतात आणि सालीशी ओल साचून बुंधा कुजतो. राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. दिल्लीच्या रस्त्यावरच्या अनामिक झाडाला जो मीटर मिळाला, तो देवाच्या पिंपळाला मिळू नये? सौसरजवळ जामसावळीला श्रीहनुमंताची पहुडलेली मूर्ती पिंपळाखाली आहे. आमच्या मुलखात लहान मूलदेखील जाणते की तेथे झाड हेच देवाचे छत्र. त्या दर्शनाला दर मंगळवारी जाणारी मंडळी परत येऊन आपल्या देवळात छत्राचा दांडा सिमेंटात पुरतात.

बैठकीत मी एवढे सर्व बोललो नाही. वेळ नव्हता, आणि प्रसादाची पाने वाढली होती. मी दोन पानी मत लिहून दिले. ग्रॅनाइट खोडापासून किमान चार फूट दूर थांबवावे आणि मधली माती उघडी ठेवावी. सभामंडपावरच्या पिंपळाच्या दोनच फांद्या, वृक्ष अधिकाऱ्यांना लेखी कळवून, बुडाच्या कड्याशी काढाव्यात. निंबांचे केवळ वाळके लाकूड काढावे. काम संत्र्याच्या बागेत सल काढणाऱ्या दोन जाणत्या माणसांना रोख मजुरीवर द्यावे, आणि निघालेले लाकूड महाप्रसादाच्या चुलीला ठेवावे. मजुरीचा खर्च माझ्या शुल्कातून वळता करून घ्यावा, असेही शेवटी लिहिले.

ते वयोवृद्ध सद्गृहस्थ कागद वाचून म्हणाले, "वकीलसाहेब, ग्रॅनाइटची ऑर्डर गेली आहे." मी म्हटले, "मग चार फूट कमी बसवा. उरलेल्या लाद्या पायऱ्यांना लागतील." यावर कोणी काही बोलले नाही. पुढील बैठक मृग लागण्यापूर्वी आहे, आणि लाकूडतोड्याला अजून निरोप गेलेला नाही, असे पुजारी सांगत होते.